घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस आणि फायरवॉल: निवडीपासून चाचणीपर्यंत, योग्य क्रमाने

"कोणता अँटिव्हायरस चांगला?" हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. खरं तर तो चौथ्या टप्प्यावर यायला हवा. संगणकावर आधीपासून काय बसलेलं आहे, विंडोजला अजून अपडेट मिळतात का, आत्ता संगणक स्वच्छ आहे का, हे त्याआधी पाहावं लागतं. ते न पाहता नवं सॉफ्टवेअर टाकलं की पुढचं ठरलेलं असतं. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर झडप घालतात, संगणक रखडतो आणि मालक वैतागून दोन्हींचं संरक्षण बंद करून टाकतो. पैसे भरूनही संगणक उघडाच राहतो.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मुख्य वर्णन विंडोज ११ चं आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल सातव्या टप्प्यात लिहिलं आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

## सुरुवात करण्यापूर्वी

बॅकअप घ्या. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. ती कायम जोडलेली राहिली तर तिला बॅकअप म्हणता येत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर संगणकाला जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर चालतं, पेनड्राइव्हवरही.

ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड आणि सध्याच्या अँटिव्हायरसचं लायसन्स ज्या ईमेलवर आहे त्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. स्टार्ट मेनूमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून एक रिस्टोअर पॉइंट तयार करा. पुष्कळ संगणकांवर ही सोय बंदच असते, ती आधी चालू करावी लागते. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी आतल्या थरात ड्रायव्हर बसवतो, त्यामुळे काही बिघडलं तर मागे जाण्याची वाट मोकळी हवी.

आणि सवडीचा दिवस निवडा. पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात. उद्या काहीतरी पाठवायचं आहे आणि आज रात्री अँटिव्हायरस बदलायला बसलात, असं करू नका.

## टप्पा १: आत्ता पहाऱ्यावर कोण आहे ते पाहा

स्टार्ट मेनूमधून 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. डावीकडे खाली 'सेटिंग्ज', त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. या एकाच पानावर अँटिव्हायरस कोणाचा, फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवरचा पहारेकरी) कोणाची आणि त्यातलं काय चालू आहे हे कळतं. अँटिव्हायरस विकत घेणाऱ्या बहुतेकांनी हे पान कधी उघडलेलंच नसतं.

तिथे साधारण तीनपैकी एक चित्र दिसेल.

फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि विंडोज फायरवॉल. म्हणजे विंडोजसोबत आलेलं संरक्षण काम करतं आहे.

दुसऱ्या कंपनीचं एक नाव, चालू स्थितीत. बाहेरचा अँटिव्हायरस विंडोजकडे स्वतःची नोंद करतो, तेव्हा डिफेंडर आपणहून बाजूला होतो. बाहेरचा काढून टाकला की तो परत कामावर येतो. त्यामुळे नवा अँटिव्हायरस टाकण्यापूर्वी डिफेंडर हाताने बंद करायची गरज कधीच नसते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल करून तो कायमचा बंद करण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या करू नका. पुढे बाहेरच्या अँटिव्हायरसची मुदत संपली की डिफेंडर परत उठणार नाही, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या कंपनीचं नाव, पण बंद किंवा मुदत संपलेलं. नव्या लॅपटॉपसोबत आलेली चाचणी आवृत्ती हे याचं नेहमीचं कारण. मुदत संपते, कोपऱ्यात सूचना येत राहते आणि लोक ती मिटवत राहतात. ही तिन्हींतली सगळ्यात वाईट स्थिती आहे, कारण मालकाची समजूत असते की आपल्याकडे अँटिव्हायरस आहे.

आता आणखी एक पान. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा आणि दोन गोष्टी पाहा. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं, म्हणजे एखादा प्रोग्रॅम परस्पर डिफेंडर बंद करू शकत नाही. आणि अगदी तळाला 'एक्सक्लूजन्स' आहे, म्हणजे ज्या फोल्डरांकडे स्कॅनरने पाहायचंच नाही त्यांची यादी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना "आधी हा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये घाला" अशी सूचना असते. लोक ती पाळतात आणि विसरतात. काही घातक प्रोग्रॅम स्वतःच त्या यादीत आपली जागा करून घेतात. घरच्या संगणकावर ही यादी रिकामी असायला हवी.

> तपासा: यादीत पूर्ण सी ड्राइव्ह, 'डाउनलोड्स' किंवा 'टेम्प' फोल्डर दिसला तर तो लगेच काढा आणि टप्पा ३ अजिबात वगळू नका.

## टप्पा २: विंडोज आणि ब्राउझर अपडेट करा

स्टार्ट मेनूत 'विनव्हर' (winver) हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, विंडोजची आवृत्ती दिसेल. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नोंद केलेली नाही, त्यांच्या विंडोज १० मधली नवी भोकं बुजवली जात नाहीत. विंडोज ११ वर आहात म्हणूनही निश्चिंत होऊ नका. होम आवृत्तीच्या प्रत्येक वार्षिक अपडेटला २४ महिनेच आधार मिळतो.

महागडा अँटिव्हायरस घेतला म्हणून ही भोकं झाकली जात नाहीत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरला कोणी ईमेल उघडायची किंवा कशावर क्लिक करायची वाट पाहावी लागली नाही. नेटवर्कवरून फाइली शेअर करण्यासाठी विंडोज जे ४४५ क्रमांकाचं पोर्ट (नेटवर्क जोडणीचं क्रमांकित दार) वापरते, त्यातून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःच गेला. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं, म्हणजे जवळपास दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांच्यावर तो असा शिरू शकला नाही. जिथे बाहेरून ४४५ पोर्टवर येणारी जोडणी फायरवॉल अडवत होती, तिथेही नाही.

म्हणून 'विंडोज अपडेट' मधलं सगळं घ्या, रीस्टार्ट करा आणि पुन्हा तपासा. पहिल्या फेरीनंतर बऱ्याचदा आणखी काही अपडेट येतात. मग ब्राउझर अपडेट करा आणि त्यातली न लागणारी एक्स्टेन्शन काढून टाका.

## टप्पा ३: संगणक आत्ता स्वच्छ आहे याची खात्री करा

आधीच शिरलेला घातक प्रोग्रॅम नव्या अँटिव्हायरसला नीट बसूच देत नाही. म्हणून आधी सफाई.

१. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' उघडून 'फुल स्कॅन' करा. 'क्विक स्कॅन' फक्त नेहमीच्या जागा पाहतो, आत्ता तो पुरेसा नाही.

२. त्याच यादीतला 'ऑफलाइन स्कॅन' करा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. विंडोज चालू असताना लपून राहणारे प्रोग्रॅम यात सापडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघड्या फाइली आधी सेव्ह करा.

३. शंका असेल तर दुसरं मत घ्या. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती यासाठी चांगली. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो. मालवेअरबाइट्स सुरुवातीला पूर्ण आवृत्तीची चाचणी देऊ करतो. ती नाकारा, आपल्याला फक्त हाताने चालवायचा स्कॅनर हवा आहे.

> इशारा: पडद्याच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, लगेच नूतनीकरण करा" अशी खिडकी येत असेल आणि तिच्यावर ब्राउझरचं किंवा अनोळखी वेबसाइटचं नाव असेल, तर तो अँटिव्हायरस नव्हे. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशन पाठवायला परवानगी दिली गेली, तिथून हे येतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि अनोळखी साइटची परवानगी काढा. त्या खिडकीवर क्लिक करू नका आणि तिच्यातल्या क्रमांकावर फोन तर मुळीच करू नका.

## टप्पा ४: आता निवड

पहिला प्रश्न: वेगळा अँटिव्हायरस हवाच का?

माझं मत स्पष्ट आहे. विंडोज अद्ययावत असेल, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरलं जात नसेल आणि संगणक एकदोन सावध माणसं वापरत असतील, तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि विंडोज फायरवॉल पुरेसे आहेत, फक्त नीट चालू असायला हवेत. इथे पैसे खर्च करायचेच असतील तर ते बॅकअपच्या हार्ड डिस्कवर करा.

बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यावं असं वाटण्याची खरी कारणं थोडी आहेत. एकच संगणक लहान मुलं, पाहुणे आणि वडीलधारी मंडळी वापरतात आणि कोण कशावर क्लिक करेल सांगता येत नाही. किंवा विंडोज, मॅक आणि फोन अशा अनेक उपकरणांची देखरेख एका ठिकाणाहून करायची आहे. किंवा अडल्यावेळी बोलायला कंपनीचा माणूस हवा आहे. यांपैकी काही लागू असेल तर पुढे वाचा, नाहीतर थेट टप्पा ६ वर जा. मात्र मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस बसलेला असेल तर टप्पा ५ प्रमाणे तो आधी काढा.

### चाचण्या कशा वाचायच्या

विक्रेत्याच्या पानावरचे तारे सोडून द्या. अँटिव्हायरसची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत: जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, ब्रिटनमधली एसई लॅब्ज. त्यांचे अहवाल फुकट वाचता येतात.

एव्ही-टेस्ट तीन बाबींना प्रत्येकी जास्तीत जास्त सहा गुण देते: संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरातला त्रास. तिसऱ्या बाबीत मुख्यतः निर्दोष फाइलींवर किती खोटे आरोप झाले ते मोजतात. लोक पहिलाच आकडा पाहतात. घरच्या वापरात तिसरा तितकाच महत्त्वाचा आहे, कारण उगाच ओरडणाऱ्या अँटिव्हायरसच्या खऱ्या इशाऱ्याकडेही काही महिन्यांनी कोणी लक्ष देत नाही. जुना किंवा कमी मेमरीचा संगणक असेल तर भाराचे गुण आधी पाहा.

एकाच अहवालावर निर्णय घेऊ नका. वर्षभरातल्या सगळ्या फेऱ्यांमध्ये जे उत्पादन वरच्या गटात टिकून आहे ते घ्या. ९९.५ टक्के आणि ९९.८ टक्के यांत घरच्या वापरासाठी निवडण्यासारखं काही नसतं. आणि या चाचण्यांमध्ये ज्याचं नावच कधी दिसत नाही, असं उत्पादन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

### विश्वासाचा प्रश्न

तुमच्या प्रत्येक फाइलकडे आणि तुम्ही उघडता त्या प्रत्येक पत्त्याकडे अँटिव्हायरस पाहतो. म्हणजे घराची किल्ली तुम्ही कोणाच्या हाती देत आहात, हा विचार चाचणीतल्या गुणांइतकाच मोठा आहे.

तीन घटना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची रक्कम भरायला लावली. जंपशॉट त्याआधी २०२० मध्येच बंद झाली होती. त्याच २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसवर बंदी घातली. २९ सप्टेंबरनंतर तिथल्या ग्राहकांना अपडेट मिळणं थांबलं आणि अनेकांच्या संगणकावर त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं वेगळंच उत्पादन आपोआप येऊन बसलं. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ते सॉफ्टवेअर घरगुती नव्हतं, पण कारण घरालाही लागू आहे. असं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्याची चूक अख्ख्या संगणकाला भोवते.

यावरून कंपनी निवडताना विचारायचे प्रश्न निघतात. गोपनीयता धोरणात "तृतीय पक्षांना" नेमकी कोणती माहिती जाते? माहिती पाठवणं बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये आहे का? कंपनीचा मालक कोण? नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, म्हणजे यांपैकी एकावर नाराज होऊन दुसरं घेतलं तरी मालक तोच राहतो.

### विकत घेताना फसायच्या जागा

किंमत पहिल्या वर्षाची दाखवतात. दुसऱ्या वर्षीची बारीक अक्षरात असते आणि ती बरीच जास्त असू शकते. घेतल्या दिवशीच खात्यात जाऊन 'ऑटो रिन्यूअल' बंद करा. संरक्षण वर्षभर चालूच राहतं आणि पुढचा निर्णय तुमच्या हाती राहतो.

रजिस्ट्री साफ करणं, ड्रायव्हर अपडेट करणं, संगणक "वेगवान" करणं यांसाठी जास्त पैसे देऊ नका. ही संरक्षणाची कामं नव्हेत आणि त्यांनी विंडोज बिघडू शकते. व्हीपीएन (इंटरनेटवरची वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) किंवा पासवर्ड मॅनेजर हवा असेल तर स्वतंत्रपणे पारखून घ्या. पॅकेजमध्ये येतो म्हणून तो घेऊ नका.

लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीऐवजी स्नॅपड्रॅगनसारखा एआरएम जातीचा प्रोसेसर असेल तर ते उत्पादन त्यावर चालतं का, हे आधी पाहा. सगळी चालत नाहीत.

## टप्पा ५: जुनं काढा, मग नवं बसवा

इथे क्रम मोडला की सगळं बिघडतं.

१. नव्या अँटिव्हायरसची फाइल कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच डाउनलोड करून ठेवा. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणारी साइट जाहिरात असू शकते, म्हणून ब्राउझरमधला पत्ता नीट वाचा.

२. जुन्या अँटिव्हायरसच्या कंपनीचं खास काढणी-साधनही डाउनलोड करा. मॅकाफी, नॉर्टन, अवास्ट, ईसेट अशा मोठ्या कंपन्या ते मोफत देतात.

३. जुन्याचं लायसन्स पुढे दुसऱ्या उपकरणावर वापरायचं असेल तर खात्यातून या संगणकाची नोंद काढा.

४. 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' मधून जुना अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा. त्याच कंपनीची ब्राउझर एक्स्टेन्शन, व्हीपीएन आणि "सेफ ब्राउझर" वेगळे राहतात, तेही काढा.

५. रीस्टार्ट करा. ही पायरी गाळू नका. काही ड्रायव्हर रीस्टार्टनंतरच निघतात.

६. काढणी-साधन चालवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

७. 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडा. तिथे आता फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू दिसला पाहिजे.

> तपासा: जुनं नाव अजून दिसत असेल तर पुढे जाऊ नका. पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा करा. या स्थितीत नवा अँटिव्हायरस टाकणं हेच संगणक रखडण्याचं सर्वात मोठं कारण असतं.

८. नवा अँटिव्हायरस बसवा. "एक्सप्रेस" किंवा "रेकमेंडेड" वर डोळे मिटून क्लिक करू नका. 'कस्टम' असेल तर ते घ्या आणि ब्राउझर, टूलबार, शोधयंत्र बदलणं, सफाईची साधनं यांपुढची खूण काढा.

९. अपडेट करा, रीस्टार्ट करा, मग फुल स्कॅन करा.

नव्या अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये 'एचटीटीपीएस स्कॅनिंग' असेल तर त्याचा अर्थ समजून घ्या. बँकेसारख्या साइटशी चालणारा कूटबद्ध संवाद तपासता यावा म्हणून अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र वापरतो. त्याने काही धोकादायक पानं अडतात हे खरं, पण तो संवाद मध्येच उघडला जातो आणि कधी साइट उघडेनाशा होतात. आजचे ब्राउझर धोकादायक पानांची यादी स्वतः ठेवतात, म्हणून घरच्या संगणकावर मी हे बंद ठेवायला सांगते.

दुसरं मत कायम हवं असेल तर दोन अँटिव्हायरस ठेवायची गरज नाही. बाहेरचा अँटिव्हायरस चालू असताना विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडरचं 'पीरिऑडिक स्कॅनिंग' चालू करता येतं. डिफेंडर अधूनमधून स्कॅन करतो, सतत पहारा देत नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

## टप्पा ६: फायरवॉल

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

विंडोजची फायरवॉल २००४ मधल्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालू असते. तिचा मूळ नियम साधा आहे. आतून बाहेर जाणारं सगळं जाऊ द्यायचं. बाहेरून, कोणी बोलावलेलं नसताना आत येणारं अडवायचं, परवानगी दिलेली असेल तरच सोडायचं.

म्हणजे एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना फायरवॉलची खिडकी येते, तेव्हा "या प्रोग्रॅमला इंटरनेट वापरू द्यायचं का?" असा तिचा प्रश्न नसतो. नेटवर्कवरच्या दुसऱ्या कोणालातरी या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू द्यायचं का, असं ती विचारत असते. घाबरून 'अलाव' दाबणारे हेच चुकतात. 'कॅन्सल' दाबलं तरी बहुतेक प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात, कारण त्यांना बाहेर जायला आडकाठी नसतेच. घरातल्या दोन संगणकांवर मिळून खेळायचा गेम किंवा फाइल शेअरिंग अशा कामांना मात्र खरी परवानगी लागते. म्हणून आधी 'कॅन्सल' करा, अडलं तर 'अलाव ॲन ॲप थ्रू फायरवॉल' मध्ये जाऊन परवानगी द्या, आणि तीही फक्त 'प्रायव्हेट' च्या रकान्यात.

नेटवर्कचा प्रकार ठरवा. 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग आपल्या वायफायचे गुणधर्म. तिथे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय आहेत. 'पब्लिक' या शब्दामुळे लोकांना वाटतं की यात संगणक सर्वांना खुला होतो. उलट आहे. 'पब्लिक' जास्त कडक, त्यात तुमचा संगणक नेटवर्कवर इतरांना दिसत नाही. घरात फाइली शेअर करत नसाल तर घरचं वायफायही 'पब्लिक' च ठेवा. प्रवासात, हॉटेलात, स्टेशनवर तर नेहमीच.

फायरवॉल तिन्ही नेटवर्कांसाठी चालू आहे का पाहा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. 'डोमेन' (कार्यालयातल्या नेटवर्कसाठी), 'प्रायव्हेट', 'पब्लिक' तिन्हींपुढे चालू दिसायला हवं. अनोळखी वायफायवर असताना 'पब्लिक' मध्ये जाऊन येणाऱ्या सगळ्या जोडण्या अडवण्याची खूण करता येते. मग आधी दिलेल्या परवानग्याही तेवढ्यापुरत्या निष्प्रभ होतात.

परवानग्यांची यादी झाडून काढा. वर्षानुवर्षं 'अलाव' दाबलेले, आता संगणकावर नसलेले प्रोग्रॅम तिथे असतात. ओळखू येत नाही ते थेट काढू नका, आधी त्याची खूण काढा आणि काही दिवस पाहा. यादीचा गुंताच झाला असेल तर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' वापरा. परवानग्या पुन्हा द्याव्या लागतील, पण सुरुवात स्वच्छ होईल.

> इशारा: प्रिंटर किंवा गेम चालत नाही म्हणून "फायरवॉल बंद करून बघा" हा सल्ला सर्रास दिला जातो. निदानासाठी दोन मिनिटं बंद करायची असेल तर राउटरची इंटरनेटची तार काढून करा, आणि लगेच परत चालू करा. अडचण फायरवॉलचीच निघाली तर त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्या.

वेगळी फायरवॉल घ्यावी का? अँटिव्हायरसच्या पॅकेजमध्ये ती येत असेल तर ती विंडोजच्या फायरवॉलची जागा घेते, दोन्ही एकत्र चालवायच्या नसतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीवर नजर ठेवायची असेल तर मालवेअरबाइट्सचं विंडोज फायरवॉल कंट्रोल आहे. ते विंडोजच्याच फायरवॉलवर नियंत्रण देतं, दुसरी फायरवॉल आणत नाही. पण ज्याला प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर द्यायची चिकाटी आहे त्यानेच हे घ्यावं. विंडोजच्या अंतर्गत सेवांची नावं अनोळखी असतात. चुकून त्यांतली एखादी अडवली की विंडोज अपडेट थांबतं, आणि आपण टप्पा २ वर मागे येतो.

## टप्पा ७: राउटर, आणि मॅक-लिनक्सवाल्यांसाठी

राउटरच्या प्रशासकीय पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. 'यूपीएनपी' मुळे घरातलं कोणतंही उपकरण राउटरमध्ये परस्पर दार उघडू शकतं. गरज नसेल तर बंद करा.

राउटर आहे म्हणून संगणकावरची फायरवॉल अनावश्यक ठरत नाही. राउटर घरातल्या दुसऱ्या संसर्गग्रस्त उपकरणापासून वाचवत नाही. शिवाय आयपीव्ही६ या इंटरनेट-पत्त्यांच्या नव्या पद्धतीत घरातल्या उपकरणांचे पत्ते राउटरमागे लपवणारी जुनी व्यवस्था सहसा नसते, तिथे राउटरच्या आणि संगणकाच्या फायरवॉलवरच सगळी भिस्त.

मॅकमध्ये गेटकीपर आणि एक्सप्रोटेक्ट हे अंगभूत संरक्षण चालू असतं, पण फायरवॉल सहसा बंद असते. 'सिस्टिम सेटिंग्ज', 'नेटवर्क', 'फायरवॉल' मध्ये ती चालू करा. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बसवलेली असते, पण तीही तुम्ही चालू करेपर्यंत झोपलेली असते.

## टप्पा ८: चाचणी

बसवलं म्हणजे चालतं असं गृहीत धरू नका.

आयकारची चाचणी फाइल. आयकार संस्थेच्या साइटवर ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी मजकूर-फाइल मिळते. अँटिव्हायरसने तिला व्हायरस समजून अडवायचं असा सगळ्या कंपन्यांचा संकेत आहे. ती डाउनलोड करून पाहा. कधी ब्राउझरच आधी अडवतो. झिप स्वरूपातली घेतली तर उघडेपर्यंत कदाचित काही होणार नाही, हेही ठीक. पण साधी फाइल डेस्कटॉपवर निवांत पडून राहिली तर रिअल-टाइम संरक्षण बंद आहे. या चाचणीने संरक्षण चालू आहे एवढंच कळतं, ते किती चांगलं आहे ते कळत नाही.

ॲम्ट्सोची तपासणी. सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे मानदंड ठरवणाऱ्या या संस्थेच्या साइटवर फसवी पानं आणि नको असलेली ॲप यांच्याविरुद्धचं संरक्षण तपासता येतं. डिफेंडर वापरत असाल तर आधी 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' मधलं 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' पूर्ण चालू करा.

शील्ड्स-अप. गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनच्या साइटवरची ही चाचणी बाहेरून तुमची पोर्टं ठोठावून पाहते. घरी ती राउटरची बाहेरची बाजू तपासते, संगणकाची नव्हे, हे लक्षात ठेवून निकाल वाचा. एखादं पोर्ट 'ओपन' दिसलं तर राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणं) आणि यूपीएनपीच्या नोंदी पाहा.

## काही सापडलं तर

अँटिव्हायरसने फाइल 'क्वारंटाइन' मध्ये टाकली की ती निष्क्रिय होते. घाईने कायमची मिटवू नका आणि घाईने परतही आणू नका. खात्रीच्या ठिकाणची फाइल असेल तर व्हायरसटोटल या साइटवर तपासा, तिथे ७० हून अधिक स्कॅनरांचं मत एकत्र मिळतं. एकदोघांनीच नाव घेतलं असेल तर तो खोटा आरोप असू शकतो. पण सगळ्यांनी निर्दोष म्हटलं म्हणून अगदी ताजी फाइल सुरक्षित ठरत नाही. आणि तिथे खाजगी कागदपत्रं कधीही चढवू नका, चढवलेल्या फाइली इतर सुरक्षा कंपन्यांना पाहता येतात.

खरोखर संसर्ग झाला असेल, अनोळखी प्रोग्रॅम परत परत येत असेल किंवा फाइलींची नावं बदलू लागली असतील, तर आधी वायफाय बंद करा आणि तार काढा. बॅकअपची डिस्क जोडू नका. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी बदला, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्याच मार्गाने बदलता येतात. मग बँकेचा. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन करा. तरीही शंका उरली तर विंडोज पुन्हा कोरी बसवा, तिच्यावर टप्पा २ पासून काम करा, आणि बॅकअपमधून फक्त फोटो आणि कागदपत्रं परत घ्या. तिथले प्रोग्रॅम आणि इन्स्टॉलर परत न घेता मूळ ठिकाणांहून नव्याने डाउनलोड करा.